ठुशीची जागा

“सिस्टर, कापायचं ते कापा, पण मान जरा बघून घ्या हां. वैशाखात पोरीचं लग्न आहे, ठुशी घालायचीय मला,” टेबलावर आडव्या झालेल्या कमलताई राणे भोईवाड्याच्या ठसक्यात म्हणाल्या.

“कापणार डॉक्टर. मी फक्त कातडी सांभाळते,” दर्शना सिस्टर म्हणाली. “ओरखडा नाही येऊ देणार.”

परळच्या या इस्पितळात तिची हयात यातच गेली होती. गळ्याची गाठ काढायची म्हणजे चीर लहान आणि आत जागा अरुंद. रक्त थांबवायची विजेची तापती सुई चुकून कडेला लागली, की कातडी भाजलीच म्हणून समजा. गाठ गेल्याचं कौतुक दोन दिवस टिकतं; डाग मात्र रोज आरशात भेटतो. म्हणून ती चिरेच्या दोन्ही कडांवर ओल्या गॉजच्या घड्या ठेवायची, सुकल्या की पुन्हा भिजवायची.

आज घडी भिजवता भिजवता तिनं डॉक्टर विनीत प्रधानांचे हात थांबलेले पाहिले. गाठ श्वासनळीला घट्ट धरून बसली होती, खाली छातीकडेही उतरली होती. त्यांनी तपासणीपुरता तुकडा घेतला.

“ही काढता येण्यासारखी नाही, सिस्टर. बंद करू.”

चार टाके मारून मोकळं होता आलं असतं. दर्शनानं सगळ्यात बारीक धागा पुढे केला. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि शालूला फॉल लावावा तसे सावकाश टाके घातले. दर्शनाला भरून आलं. तोंडावर मास्क होता म्हणून निभावलं.

संध्याकाळी कमलताई नीट शुद्धीवर आल्या. आवाज पार घोगरा झाला होता.

“सिस्टर, डाग?”

“नाही राहणार. कातडीला धक्काही नाही लागला.”

“मग वैशाखात ठुशी घालायला हरकत नाही.”

हो म्हणायला काय जात होतं? पण दर्शनाच्या तोंडून निघून गेलं, “वैशाखापर्यंत कशाला थांबता? तुळशीचं लग्न झालं की पहिलाच मुहूर्त धरा.”

“इतक्यात हॉल कुठला मिळायला...” म्हणताना कमलताईंचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्या थांबल्या. दर्शनानं जीभ चावली, पण शब्द सुटला तो सुटला.

कमलताईंच्या डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं.

“आधी माझं तोंड पुसा,” त्या म्हणाल्या. “मग पोरीला, आकांक्षाला आत बोलवा. हॉलचं बघायला लागेल.”