ओढू नका

शर्वरीचा उजवा खांदा निखळला तेव्हा त्याच हातावर दहा महिन्यांची अनुश्री होती.

राजेंद्र नगरातल्या घरात भरदुपारी ती आणि सासरे बाबूराव, दोघंच मोठी माणसं. पाळण्यातून लेकीला उचलून ती वळली आणि खांदा पुढे सरकला. हातातलं बळच गेलं. अनुश्री घसरू लागली. शर्वरीने डाव्या हाताने तिला छातीशी दाबलं आणि भिंतीला पाठ घासत ती खाली बसली.

"बाबा! आधी हिला घ्या!"

बाबूरावांनी नातीला सतरंजीवर ठेवलं आणि लगेच सुनेचं मनगट धरलं. पोलोग्राउंडच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फिटरकी केलेली. जागेवरून हललेलं काहीही जोर लावून बसवायची सवय. मागच्या खेपेला त्यांनीच हिसका दिला होता. तीन आठवडे शर्वरीची बोटं बधिर होती.

"एका झटक्यात बसेल, बेटा."

"नाही. ओढू नका."

"जिद नको करू! किती दर्द होतोय तुला."

"बाबा, हात सोडा!"

लग्नानंतरच्या चार वर्षांत ती त्यांच्यावर असं ओरडली नव्हती. त्यांनी हात सोडला.

फिजिओथेरपिस्ट संहिताने तिला बजावलं होतं, "तुझे सगळेच सांधे जन्मापासून सैल आहेत. घाबरून अंग आवळलंस की खांदा बाहेरच अडकतो. कोपराखाली उशी घे, श्वास सोडत राहा. दहा मिनिटांत बसला नाही, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर थेट हॉस्पिटल."

"उशी द्या," शर्वरी म्हणाली. "आणि घड्याळ बघा."

अनुश्री किंचाळत होती. शर्वरीने डोळे मिटले. घाम मानेवरून उतरत होता. बोटं एकेक हलवून पाहिली, हलत होती.

"सहा मिनिट झाले," बाबूराव म्हणाले. "आठ. रिक्षा बोलावू का?"

"हिला उचला. तिचं रडणं ऐकून मला सैल सोडता येत नाहीये."

नातीला खांद्यावर घेऊन ते दुसऱ्या खोलीत गेले. रडणं मंदावलं. शर्वरीने लांब श्वास सोडला आणि खांदा आपसूक आत सरकला.

बाबूराव परतले तेव्हा ती हुंदके देत होती.

"व्यायाम महिनाभर सोडलाय मी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, रबराचा पट्टा ओढून काय होतं? मलाही तेच वाटलं. वाटलं, ऑपरेशनच करून टाकू. पण संहिता म्हणते, अशा सैल सांध्यात शिवलेलंही परत ताणलं जातं. आधी सहा महिने ताकद वाढवायची."

बाबूराव तिच्यासमोर खाली बसले.

"माझीच गलती झाली," ते म्हणाले. "उद्यापासून सकाळी हिला मी बघतो. तू तुझी कसरत कर."

पुढच्या पाच महिन्यांत खांदा दोनदा डगमगला, पण निखळला नाही. भीती मात्र गेलेली नाही. लेकीला उचलायचं तर शर्वरी अजूनही आधी जमिनीवर बसते.