सहाव्या खोलीतला नातेवाईक

आजोबांचा ठोसा जबड्यावर बसला तेव्हा सिस्टर त्यांच्या डाव्या पायात मोजा चढवत होती. उजव्या पायातला चढवून झाला होता. ठोसा चांगला होता. आजोबांनी चाळीस वर्षं मटणाचं दुकान चालवलं होतं; आता त्यांना स्वतःचं नाव आठवत नसलं तरी हाताला हाताचं काम आठवत होतं. सिस्टर मागे जाऊन कपाटावर आदळली. तोंडात रक्ताची चव आली. तिने जिभेने एकेक दात चाचपून पाहिला, सगळे हजर होते, मग पुढे सरकून उरलेला मोजा टाचेवरून वर ओढला.

"कोण आहेस तू?" आजोबा ओरडले. "माझ्या दुकानात कशी शिरलीस?"

"गिऱ्हाईक आहे, आजोबा."

"मग रांगेत उभी राहा!"

सिस्टर दाराशी जाऊन रांगेत उभी राहिली. दोन मिनिटांनी आजोबांनी अगदी गोडीत विचारलं, "बोला, काय देऊ?"

वृद्धाश्रमाच्या नियमाप्रमाणे दर ठोशाला एक फॉर्म भरावा लागे. त्यातला शेवटचा रकाना होता, 'हा प्रसंग टळावा म्हणून कर्मचाऱ्याला काय करता आलं असतं?' पहिल्या वर्षी सिस्टर तिथे चार-चार ओळी लिहायची. आता 'वाकता आलं असतं' एवढं लिहून सही करायची. सहीखाली हुद्दा लिहायचा: मदतनीस.

या देशात तिला सिस्टर म्हणणं कायद्याने गुन्हा होता. स्वतःच्या देशात तिची एकोणीस वर्षं नोकरी झाली होती, त्यातली शेवटची अकरा अपघात विभागाची इन्चार्ज म्हणून. तिकडे फाटलेली माणसं शिवायला घेताना डॉक्टर तिच्या तोंडाकडे बघायचे. इकडे परवाना हातात पडेपर्यंत तिने कुणाला तापाची गोळी जरी दिली असती तरी ती बोगस ठरली असती. मोजे घालायला परवाना लागत नव्हता. ठोसे खायलाही नाही.

परवान्यासाठी तिने भाषेची परीक्षा दिली होती, लेखी परीक्षा दिली होती, शाळेच्या दाखल्यापासून सगळ्या कागदांची भाषांतरं शिक्क्यांसकट पाठवली होती. आपण चांगल्या वर्तणुकीच्या आहोत असं दोन देशांच्या पोलिसांकडून लिहून आणलं होतं. राहिली होती फक्त प्रात्यक्षिक परीक्षा. त्या परीक्षेला तीनच संधी मिळत. दोन वाया गेल्या होत्या. तिसरी उद्या होती, आणि तिच्यात नापास झालं की फाईल कायमची बंद.

त्या संध्याकाळी नवरा तालमीसाठी पलंगावर पेशंट होऊन पडला. तिकडे तो शाळेत गणित शिकवायचा. इकडे गोदामात खोकी एकावर एक रचायचा आणि म्हणायचा, घनफळाचा धडा शेवटी कामी आला.

"नमस्कार, मी तुमची नर्स," दाराशी उभी राहून सिस्टर म्हणाली. "तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?"

"महाराज म्हण."

"नीट कर ना!"

"बरं. आई गं, पोटात दुखतंय. मला कुणी विचारत नाही. आता ये आणि खुर्चीवर बस."

सिस्टर जागची हलली नाही.

"अगं, बस ना. दोन्ही वेळेला याच्यावरच तर माती खाल्लीस. काय लिहिलं होतं त्या परीक्षकाने?"

"'उमेदवार रुग्णाजवळ बसत नाही. बोलताना दाराकडे पाहते.'"

"दार काय पळून जाणारे?"

"दार कुठे जातंय. आपल्याला जाता आलं पाहिजे."

नवरा पलंगावर उठून बसला. त्याला ती दुपार माहीत होती.

त्या दुपारी तिकडच्या अपघात विभागात ट्रकखाली सापडलेला एक मुलगा आणला होता. आणला तेव्हाच तो गेलेला होता, पण हे सांगायला नवा डॉक्टर पुढे झाला आणि मागोमाग आलेल्या चाळीसएक लोकांनी ठरवलं की याच्या सांगण्यामुळेच मुलगा गेला. कुणीतरी दाराला आतून कडी घातली. डॉक्टरला औषधांच्या कपाटावर भिरकावलं. काच आधी फुटली आणि मग डॉक्टर. टेबलाचे पाय निघाले, पट्ट्यांची भांडी लोकांच्या डोक्यावरून उडाली, भिंतीवरचं 'शांतता राखा' एका काकांनी उपटून त्यानेच वॉर्डबॉयला बडवलं. विभागातल्या सगळ्यांत ज्येष्ठ नर्स, मोठ्या बाई, पलीकडच्या खाटेशी स्टुलावर बसून एका म्हातारीचं ब्लडप्रेशर घेत होत्या. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. दाराकडे पाठ, कानात नळ्या. त्यांना काही ऐकूच आलं नाही. सलाईनचा स्टँड पहिल्यांदा डोक्यावर बसला तेव्हा त्यांनी म्हातारीचा आकडा निम्माच उच्चारला होता. दुसऱ्यांदा बसला तेव्हा त्या आधीच खाली पडल्या होत्या.

सिस्टर दाराजवळ होती. तिने हाताला लागलेल्या दोन शिकाऊ मुलींना गळपट्टीला धरलं, कडी काढली, त्यांना बाहेर फेकलं आणि बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहिली. आतून लाथा बसत होत्या. पाठीचा एक मणका सरकला, पण दार हललं नाही. दोन मुली वाचल्या. मोठ्या बाई आत होत्या.

त्या नऊ दिवस जगल्या.

पुढे इन्चार्ज झाल्यावर सिस्टरने नव्या मुलींना पहिल्या दिवशी इंजेक्शन शिकवलं नाही. बसायचं नाही, पाठ दाराकडे करायची नाही, गळ्यात काही लटकवायचं नाही, हे शिकवलं. अकरा वर्षांत तिच्या विभागातल्या एकाही नर्सला टाका पडला नाही. या अनुभवाचं प्रमाणपत्र कुणी देत नसल्यामुळे ते फाईलला जोडता आलं नव्हतं.

"इथे कुणी येत नाही गं," नवरा हळूच म्हणाला.

"माहितीय."

ती आली, खुर्चीवर बसली. दाराकडे पाठ. नवऱ्याने मनात मोजलं. अकराव्या सेकंदाला ती उठली, म्हणाली, "गॅस बघून येते." गॅस बंदच होता, स्वयंपाक अजून व्हायचा होता.

परीक्षेच्या इमारतीत एका लांब बोळात दहा खोल्या होत्या. दर दहा मिनिटांनी बेल वाजायची आणि दहा उमेदवार एकेक दार पुढे सरकायचे. दहापैकी आठ खोल्यांत पास व्हायचं. बेल झाल्यावर मिनिटभरात आत गेलं नाही तर त्या खोलीचं शून्य. पहिल्या पाच खोल्यांत रबरी माणसं होती. सिस्टरने रबरी कुल्ल्यात इंजेक्शन दिलं, रबरी मनगटात सुई घातली, रबरी छाती दाबून एका रबरी गृहस्थाला परत आणलं. रबराशी तिचं छान जमत होतं. रबराला नातेवाईक नसतात.

सहाव्या खोलीच्या दारावर चिठ्ठी होती: 'रुग्णाचा मुलगा संतापलेला आहे. बसून बोला. त्याला शांत करा.'

आत एक खाट, ड्रेसिंगची ट्रॉली, सलाईनचा स्टँड, दोन खुर्च्या. कोपऱ्यात पाटीवर फॉर्म लावून परीक्षक बसलेले. संतापलेला मुलगा साठी ओलांडलेला होता. हे गृहस्थ निवृत्त बस ड्रायव्हर. आयुष्यभर प्रवाशांचा राग गिळला होता आणि आता तो काढायचे पैसे मिळतात म्हणून खुश होते.

सिस्टर बसली. दाराकडे पाठ करून बसली, सुजलेल्या जबड्याने हसली आणि म्हणाली, "नमस्कार, मी तुमच्या वडिलांची नर्स."

"माझा बाप मेला!" ड्रायव्हर गरजले. "तुम्ही मारलात त्याला!"

"तुम्हाला किती त्रास होत असेल, मी समजू शकते."

परीक्षकांनी फॉर्मवर एक खूण केली. सगळं ठीक चाललं होतं. पण पाचव्या आणि सातव्या खोलीतून आवाजाच्या तक्रारी आल्या होत्या, म्हणून ड्रायव्हर सकाळपासून प्रत्येक उमेदवाराच्या वेळी, ओरडायला सुरुवात झाली की दार लावून घेत होते. आताही ते बोलत बोलत तिच्या मागे गेले. दार लावलं. कडी घातली. परत येताना सलाईनचा स्टँड उचलून फरशीवर आपटला. तेवढं आपटणं त्यांच्या भूमिकेतच होतं.

पुढचं सगळं चार सेकंदांत झालं. सिस्टरने ट्रॉली ढकलली ती ड्रायव्हरच्या पोटात गेली. ते वाकले आणि ट्रॉलीची पोलादी कड त्यांच्या नाकावर आली. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. ते खाली कोसळेपर्यंत तिने परीक्षकांना गळपट्टीला धरून खुर्चीतून उपटलं होतं, कडी काढली होती, त्यांना बोळात फेकलं होतं आणि दार ओढून त्याला पाठ लावली होती.

बोळात शांतता होती. परीक्षकांचा चष्मा एका कानाला लोंबत होता.

"आत अजून कोण आहे?" सिस्टरने विचारलं.

"आत... आत नातेवाईक आहेत."

"आपल्यापैकी कोण आहे?"

"कुणी नाही," परीक्षक म्हणाले. आपण या प्रश्नाचं उत्तर का देतोय हे त्यांना कळत नव्हतं.

तिने श्वास सोडला. तेवढ्यात आतून अतिशय सभ्य आवाज आला, "माफ करा हं. मला जरा रक्त येतंय."

सिस्टरने दार उघडलं. ड्रायव्हर फरशीवर बसले होते आणि शर्ट पोटापर्यंत लाल झाला होता. ती त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांची मान पुढे झुकवली आणि नाकाचा मऊ भाग दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरला.

"मी जास्त जोरात केलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, छान केलंत. तोंडात येईल ते थुंका, गिळू नका. औषधं कसली चालू आहेत?"

"हृदयाची झडप बदललीय. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या."

सिस्टरने वर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दहा मिनिटं. मध्ये सोडायचं नाही."

परीक्षक आत आले. त्यांनी प्रथमोपचारवाल्याला फोन लावला. नर्सांची परीक्षा घेणाऱ्या त्या इमारतीत रक्त थांबवायची परवानगी असलेला एकच माणूस होता आणि तो जेवायला गेला होता. अर्ध्या तासात येतो म्हणाला. बाकीच्या परीक्षकांना आपापली खोली सोडता येत नव्हती. मग सहाव्या खोलीच्या परीक्षकांनी पाटीवरचा फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला.

"मारहाणीचा रकानाच नाहीये यात," ते म्हणाले. "ओळख करून दिली, बसून बोलल्या, आवाज सौम्य. परिसर सुरक्षित ठेवला... इथे काय लिहू मी?"

"काय वाटेल ते लिहा."

"हे बघा, ही खोली गेली. पण पाच झाल्यात तुमच्या. उरलेल्या चारपैकी तीन काढा, सुटाल. बेल झाली की निघा."

बेल झाली. दारात एक मुलगी उभी राहिली आणि चिठ्ठी वाचून, हसून म्हणाली, "नमस्कार, मी तुमच्या वडिलांची..." मग तिने फरशी पाहिली.

"ही खोली बंद आहे," परीक्षक म्हणाले. "बाहेरच थांब." मग ते सिस्टरकडे वळले. "जा तुम्ही. मी धरतो. मीही नर्स होतो."

"कधी?"

"चौदा वर्षांपूर्वी."

त्यांनी गुडघे टेकले आणि नाक धरलं. धरलं ते वर, हाडाशी. रक्त त्यांच्या बोटांखालून मोकळं होऊन ड्रायव्हरच्या ओठांवर, हनुवटीवर आणि परीक्षकांच्या बाहीत गेलं. सिस्टरने त्यांचा हात बाजूला केला आणि परत चिमटा लावला.

"आता पहिल्यापासून दहा," ती म्हणाली.

तीन मिनिटांनी ड्रायव्हरना शिंक आली. पुन्हा धार लागली. पुन्हा पहिल्यापासून दहा. सातवी खोली गेली.

ड्रायव्हर पांढरे पडत चालले होते. नाक धरलेलं असल्यामुळे त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. "बाई, तुमची परीक्षा..."

"बोलू नका."

"मी ठीक आहे. जा तुम्ही. मला पोरी आहेत, मला कळतं."

"बोललात की पुन्हा पहिल्यापासून," सिस्टर म्हणाली. "गप्प बसा बघू."

ते गप्प बसले. तिने मोकळ्या हाताने त्यांच्या मनगटावरची नाडी धरली आणि ओठ न हलवता मोजू लागली.

परीक्षक घड्याळाकडे बघत होते. "आता आठवी चुकवलीत तर संपलं. मग माझ्याही हातात काही नाही. कायमची फाईल बंद. ऐकताय ना?"

"ऐकतेय. नाडी शंभर आहे. लिहून ठेवा. वेळही लिहा."

परीक्षकांनी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वेळ लिहिली, नाडी लिहिली.

बेल वाजली. बाहेर बोळात पावलं उठली, एकेक दार पुढे सरकली, दारं लागली आणि पुन्हा सामसूम झाली.

"अजून चार मिनिटं," सिस्टर म्हणाली.