कडूबाचा दोर

केदारखेड्याच्या कडूबाने धम्मदीक्षा घेतली तेव्हा पहिलं काम काय केलं, तर मेलेली ढोरं ओढायचा दोर चावडीसमोर नेऊन टाकला. "आमच्या घरचं कुणी आता ढोराच्या रगताला हात लावणार न्हाई," एवढंच बोलून तो माघारी आला. गावाने त्याची पुरेपूर वसुली केली. मजुरी बंद, गिरणी बंद. कडूबा बधला नाही. दर विजयादशमीला वंदना झाली की तो सगळ्या घराला उभं करून ते वाक्य म्हणवून घ्यायचा. त्याच्यामागे त्याच्या मुलाने, अप्पाराव गुरुजींनी, हा रिवाज चालू ठेवला. उभी हयात शाळेत छडी चालवलेला माणूस. घरात कुणाची टाळाटाळ करायची छाती नव्हती.

यंदा मात्र प्रिया उठलीच नाही. गुरुजींची ही एकुलती एक मुलगी, केमिकल इंजिनिअर, जालन्याच्या एमआयडीसीत हलक्या विटांच्या कारखान्यात नोकरीला. मान खाली घालून सतरंजीचे धागे ओढत बसली.

"पाय दुखतेत का?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई, अप्पा. मला खोटं बोलवत न्हाई."

मग सगळं बाहेर आलं. वीट हलकी व्हावी म्हणून सिमेंटमध्ये फेस मिसळतात, आणि तो फेस प्रिया कत्तलखान्यातून येणाऱ्या म्हशींच्या रक्तापासून आणि खुरांपासून बनवत होती. आधी ती घाण नाल्यात जायची आणि आसपासची वस्ती नाक दाबून जगायची. आता ती चुन्यात शिजवून, गाळून तिच्याच फेसाच्या विटांनी भिंती उभ्या राहत होत्या. ही रीत प्रियानेच बसवलेली. सांगताना तिच्या आवाजात भीती होती तशी थोडी ऐटही होती, आणि गुरुजींना ती ऐटच जास्त झोंबली. "आज्यानं उपाशी राहून टाकलं ते नातीनं पगार घेऊन उचललं," असं ते बोलून गेले. प्रिया न जेवताच बस धरून निघून गेली.

थंडी पडली तरी तिचा फोन नाही. शेवटी गुरुजीच जालन्याला निघाले. नोकरी सोडवून पोरीला घरी आणायचं, नाहीतर पोर आपल्याला नाही असं समजायचं, हे पक्कं करूनच ते गाडीत बसले.

कारखान्याचा मालक अर्पित हा जुन्या जालन्यातल्या धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने अदबीने चहा पाजला, एक वीट गुरुजींच्या हातात दिली. वीट खरोखरच हलकी होती, आणि मनात नसताना गुरुजींना लेकीचं कौतुक वाटलं. फेसाच्या खोलीपाशी मात्र अर्पितने नाकाला रुमाल लावला आणि तो दारातच थांबला.

"मी आत येत नाही, गुरुजी. आमच्या घरी चालत नाही."

आत वासाने डोकं भणभणत होतं. प्रिया तिथेच कामात होती. तिघं जण रक्ताची पिंपं घासत होते. त्यातला एक धडपडत उठला. "जय भीम, गुरुजी!" तो संघपाल होता, गुरुजींच्याच वर्गात पाढे घोकलेला.

"जय भीम. आत कामाला कोण कोण रे?"

"मी, ही ज्योत्स्ना, आन् हा मिथुन. सगळे आपल्याच वस्तीतले." संघपाल हसला. "हातमोजे देतेत, पगार बराबर देतेत. तरास काही न्हाई."

गुरुजींचा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं.

"हे तिघंच का गं?" त्यांनी प्रियाला विचारलं.

"मी न्हाई नेमले, अप्पा. ठेकेदारानं पाठवले. ह्या कामाला दुसरं कुणी येत न्हाई."

"येत न्हाई, का कुणाला विचारलंच न्हाई?"

प्रिया पिंपं घासणाऱ्या तिघांकडे वळून बघू लागली.

"माझ्या बापाला रगताची किळस नव्हती, पोरी. जन्म त्यातच गेल्ता त्याचा. हे काम आमच्याच वाट्याला का, म्हणून त्यानं दोर टाकला. अन् मी येड्यानं तुमच्याकडून नुसतं रगत रगत म्हणवून घेतलं."

प्रियाने खुंटीवरचे हातमोजे काढले. एक जोड स्वतः घातला, दुसरा दारात नेला.

"अर्पितशेठ, आजपासून पिंपं धुवायला सगळ्यांचा नंबर. आज माझा आन् तुमचा. जमत नसंल तर उद्यापासून मी येणार न्हाई."

अर्पितने हातमोजे घेतले. मग त्याने रुमाल खिशात घातला.

"फक्त माझ्या आईला कळू देऊ नका," तो पुटपुटला आणि आत आला. त्याने वाकून ब्रश उचलला.

तेवढ्यात संघपाल धावला. "ऱ्हाऊ द्या शेठ, ऱ्हाऊ द्या! मी करतो की!" आणि त्याने ब्रश जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"संघपाल!" गुरुजींचा आवाज शाळेतल्यासारखा कडाडला. "ब्रश दे त्यांना. आन् खाली बस."

संघपाल बसला. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्याने ते मांडीखाली दाबले. समोर शेठ पिंप घासत होता, आणि हा काहीतरी चोरून आणल्यासारखा कावराबावरा होऊन बघत होता. गुरुजी त्याच्या शेजारी ओल्या फरशीवरच टेकले.

"प्रिया," थोड्या वेळाने ते म्हणाले, "पुढच्या विजयादशमीला पयली तू उभी ऱ्हा. काय म्हणायचं ते तू सांग. आम्ही तुझ्यामागं म्हणू."

प्रियाने मान हलवली, पण वर बघितलं नाही. पिंप अजून निम्मं घासायचं होतं.