कहासुना

कानात अत्तराचा फाया. हरभऱ्याएवढा, पिवळट पडलेला कापूस — आणि कानाच्या वरच्या वळणात असा खोवलेला, की समोरच्याला दिसावाच. दिसावा म्हणूनच खोवलेला, जैतूनबीनं मनाशी पक्कं केलं. भावजयीच्या दारात माणूस येतो तर बाहेरून खाकरावं, हाक द्यावी, चपला नीट काढाव्यात... ह्या गुलाबनं त्यातलं काही केलं नाही. थेट ओसरीवर आला, प्लास्टिकची खुर्ची स्वतःच ओढली, आणि तिच्याकडे न बघता, ती उसवत असलेल्या गादीकडे बघत म्हणाला,

"भाभी, जुम्म्याला निघतोय. उमराला. कहासुना माफ करा."

झालं. जसं कुणी सांगावं, नगरची गाडी आज लेट हाय.

मक्केला निघालेल्यानं दारोदार फिरून बोलल्या-ऐकल्याची माफी मागायची, ही रीतच आहे. आणि समोरच्यानं 'माफ, माफ' म्हणून गळाभेट घ्यायची, हीही रीत. गुलाब दोन दिवस मिरजगावात तेच करत फिरत होता. चहाच्या टपरीवर मागितली, दाढीच्या दुकानात मागितली, ज्यांच्याशी आयुष्यात कधी बोलला नाही त्यांच्याकडे बोलल्या-ऐकल्याची मागितली. आणि भाभी सगळ्यात शेवटी. का शेवटी? सोपं आधी उरकावं म्हणून? की सगळ्या गावानं माफ केलं, आता ही एकटी म्हातारी काय नाही म्हणते, म्हणून?

तिनं हातातलं दाभण गादीत टोचून ठेवलं.

"चहा घे."

"रोजा हाय, भाभी. सोमवारचा, नफिल, आपल्या मनानं धरलेला."

बघा. माझ्या घरी यायचं त्याच दिवशी बरोबर रोजा. घशाखाली माझं काही उतरायला नको... की खरंच असेल रोजा? असेलही. ओठ तर कोरडे दिसतायत. पण कोरडे ओठ करायला काय लागतं!

"मग दिस बुडता मगरिबला ये," ती म्हणाली. "रोजा माझ्याकडं सोड. तवा बोलू."

तो उठला. उठताना गुडघ्यावर हात ठेवला — म्हातारा झालाय की. पायरीशी थांबून परत एकदा म्हणाला, "भाभी, तेवढं..." आणि गेला. ओसरीवर अत्तर राहिलं.

कापूस उसवताना एक धूळ उडते, ती नाकात नाही, डोक्यात जाते. पिंजाऱ्याच्या घरात आली तेव्हापासून तिला माहीत आहे. सासरा धनुकलीनं पिंजायचा, तिची तांत टणत्कारायची तेव्हा पाळण्यातलं पोर झोपायचं. मग मशीन आली, दुकान आलं, दुकानात दोन भाऊ. हबीब थोरला, तिचा नवरा. गल्ल्यावर तो, मशीनवर गुलाब. गुलाबच्या भुवयांवर कायम कापूस, भर तारुण्यात पांढरा दिसायचा. आता दुकान काचेचं आहे, आत फोमच्या गाद्या उभ्या करून ठेवल्यात, कापसाला हात लावत नाही कुणी. हबीबची मात्र कबर कच्ची आहे.

मयताचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, आपल्यात काय अन् त्यांच्यात काय. भागवत पाटलाचा चुलता गेला तेव्हा भागवतनं त्याची गादी दुकानात आणून टाकली — हबीबभाई, एखाद्या गरिबाला द्या, आमच्यानं बघवत नाही. हबीबनं गुलाबला सांगितलं, मशिदीमागच्या झोपडीतल्या म्हातारीला नेऊन दे. गुलाबनं मान हलवली. आणि पुढच्याच वैशाखात, त्याच भागवतच्या मुलीचं लग्न निघालं, लग्नाची गादी ह्याच दुकानात भरली; मुलीच्या सासरी पहिल्या पावसाळ्यात ती ओलावली, ऊन दाखवायला म्हणून उसवली, तर आतल्या कापसात निळ्या पट्ट्याच्या कापडाचा चिंधोटा — विडीनं जळून भोक पडलेला. चुलत्याच्या विडीनं. भागवतनं लहानपणी त्या भोकात बोट घालून चुलत्याचा मार खाल्लेला, तो ओळखणार नाही तर कोण?

मेलेल्याचा कापूस नवरीच्या अंगाखाली.

त्या दिवशी ती दुकानात डबा घेऊन गेली होती म्हणून तिनं पाहिलं. नाहीतर बायकांना काय कळतं, पुरुष सांगतील तेवढं. भागवत दारात उभा, हातात चिंधोटा, ओरडतसुद्धा नव्हता. म्हणाला, "हबीबभाई, कुणी भरली ही?" मशीन चालू होती. गुलाबनं ती बंद केली. बंद केली आणि बोलला नाही. सगळा कापूस हळूहळू खाली बसत होता, आणि हबीबनं एकदा भावाकडे पाहिलं, फक्त एकदा, आणि म्हणाला, "दुकान माझं हाय, पाटील. मीच भरली."

आणि हा बोलला नाही. तेव्हा नाही, दुसऱ्या दिवशी नाही, हबीब दुकान भावाकडे सोडून, सायकलला जुनी धनुकली बांधून पार आष्टी-कड्याच्या बाजूला, जिथं त्याचं नाव ठाऊक नाही तिथं पिंजायला जाऊ लागला तेव्हा नाही, सायकलवरून उतरताना खोकत उतरायचा तेव्हा नाही. जनाज्याला खांदा दिला म्हणतात. मातीही दिली म्हणतात. मी कुठं पाहिलंय? कबरस्तानात बायका जात नाहीत. लोक म्हणतात ते ऐकायचं.

"अम्मी, भजी किती लोकांची करू?" तहसीननं आतून विचारलं. सून चांगली आहे, जरा जास्तच चांगली; बारावी शिकलेली, मोबाईलवर धर्माचं बयान ऐकत पोळ्या लाटते.

"रोजेदार एक हाय. बाकी आपुन."

तहसीन पदराला हात पुसत बाहेर आली. "अम्मी... एक बोलू? करून टाका माफ. माफ करणाऱ्याला लई सवाब हाय, वर लिहून ठेवत्यात."

"सवाब पायजे म्हणून माफ करू?"

"तसं न्हाई—"

"मग कसं? त्यो उमरा करतोय सवाबासाठी, मी माफी देतीय सवाबासाठी. बाजार भरलाय का सोमवारचा? जा, बेसन भिजव."

सून गेली. चिडली नाही, हेच जास्त टोचलं.

तसं तहसीनच घेऊन गेली होती तिला, मागच्या महिन्यात, हाफिजजींच्या घरी, बायकांच्या बयानाला. पडद्याआडून आवाज येत होता. हाफिजजी म्हणाले, कुराणात जिथं जिथं अल्लाहवर इमान आणा म्हटलंय, तिथं पुष्कळदा लगेच शेजारी आखिरतचा दिवस आहे, मरणानंतरचा, हिशेबाचा. एकाला धरलं आणि दुसऱ्याला सोडलं तर इमान पुरं होत नाही. जैतूनबीला ते लगेच कळलं. अलिफ-बे सोडून तिला काही वाचता येत नाही, पण गादी कळते: वरचं कापड आणि खालचं कापड, दोन्हीतून दाभण आरपार गेलं पाहिजे, नाहीतर टाका कशाला धरणार? कापूस सगळा एका कोपऱ्यात गोळा होतो.

आणि ते असंही म्हणाले, की अल्लाह आपला हक्क माफ करील, पण माणसाचा हक्क माणसानंच माफ करायचा. काबा फिरून आला तरी तो डाग जात नाही. म्हणजे गुलाबनंही हे ऐकलंय. पुरुषांच्या बयानात तो पहिल्या ओळीत असतो. मग तो भिऊन आलाय? की 'मागितली होती' एवढं म्हणता यावं म्हणून आलाय? भिऊन आला असेल तर... म्हणजे तो मानतो, तिथं कुणीतरी विचारणार आहे. पण आज मानतोस, तर त्या दिवशी मशीन बंद केलीस तेव्हा कुठं होतं तुझं इमान? पाच वक्ताचा नमाजी तेव्हाही होतास. तो कापूस नवरीच्या गादीत भरताना मेलेलं माणूस कुठं बघतंय, असंच वाटलं असणार. वरचं कापड होतं, खालचं नव्हतं. टाकाच नव्हता.

गादी अर्धी उसवून झाली होती. ऊन ओसरीच्या कडेला आलं.

त्या रात्री तिनं हबीबला विचारलं होतं — विचारलं कसलं, फाडून खाल्लं होतं. का घेतलंस अंगावर? आणि तो कुशीवर वळत म्हणाला, "धाकटा हाय. पोरं लहान हायती त्याची. वर हिशेब हाय की, जैतून." असं शांतपणे, जसं एखादा माणूस म्हणतो की आपली चीज अमक्याकडे ठेवलीय, नीट आहे, काळजी नको. आणि लगेच झोपलाही. ती मात्र जागीच. "वरचं वर! खालचं कोण बघणार?" ती अंधारात म्हणाली होती. मी म्हणाले होते. मी, जी आज दुसऱ्याच्या इमानाचा कापूस उसवून बघतेय...

नाही, पण माझंही काही कमी नाही. हबीब गेला तेव्हापासून रोज पहाटे, फजरला, दुआला हात उचलले की तिला ते मैदान दिसतं. कयामतचं. सूर्य डोक्याशी, माणसांचा पूर, कुणी कुणाला ओळखत नाही, आई लेकराला विचारत नाही... आणि त्या गर्दीतून ती बरोबर गुलाबला शोधते. कॉलर धरते. म्हणते, चल. ह्या एका कॉलरवर तिनं सगळी वर्षं काढली. मग हाफिजजींच्या बायकोनं सांगितलं, त्या दिवशी कुणाच्या अंगावर कपडा नसतो. तेव्हा तिला हसू आलं होतं, पडद्याआड सगळ्या बायका तौबा करत असताना — कपडाच नाही, तर कॉलर कशाची धरायची? बरं, मान धरीन. पण धरीन.

आज हात कापसात होते आणि ते मैदान भर दुपारी दिसलं. तसंच. सूर्य, गर्दी, गुलाबची मान, तिचा हात. 'चल,' ती म्हणाली. आणि कुठे चल, हे तिला सांगता येईना. कारण त्या गर्दीच्या पलीकडं कुणीच नव्हतं. हबीब नव्हता. आणि ज्याच्यापुढं न्यायचं तो... तिनं दाभण काढलं, परत टोचलं. एवढ्या वर्षांत तिनं एकदाही पुढे बघितलं नव्हतं. मानेवरची पकडच बघत होती. मग मी कशावर इमान ठेवलं? त्या दिवसावर, की त्या मानेवर? धरायला गुलाबची मान नसती, तर मला तो दिवस हवा तरी असता का?

शैतानाचं काम आहे हे, असा विचार घालणं. पण शैतानाला काय पडलंय म्हातारीचं? तिला उगाच आपल्याच हाताचा संशय आला. त्यावर कापूस चिकटला होता, झटकला तरी जाईना.

मगरिबच्या जरा आधी गुलाब आला. एकटा नाही. सोबत भागवत, पांढऱ्या टोपीत, हातात झेंडूचा हार. मुद्दाम आणला? साक्षीला? की वाटेत भेटला आणि टाळता आला नाही? गुलाबच्या चेहऱ्यावरून काही कळेना. फाया आता कानात नव्हता.

"बाई, दीर मक्केला चाललाय, नशीब काढलं!" भागवत खुर्चीत बसत मोठ्यानं म्हणाला. त्याला आता कमी ऐकू येतं. "अशी माणसं लई थोडी. न्हाईतर ह्येचा भाऊ... जाऊ द्या. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू ने."

तहसीन भज्याची ताटली घेऊन उंबऱ्यातच थांबली.

गुलाबनं पुढ्यातल्या खजुराकडे पाहिलं. हातात घेतला, फिरवला. आणि बोलला नाही.

मशीन बंद झाली होती, कापूस खाली बसत होता — जैतूनबी रागाची वाट बघत राहिली. तो येणारच होता, दरवेळी येतो, टाळूपासून. पण आला नाही. अजान झाली. गुलाबनं ओठ हलवले, खजूर तोंडात घातला, आणि तो नुसता चघळत राहिला. पेला तोंडाला लावायच्या आधीच पाणी पायजम्यावर सांडलं. एवढा भितो हा? कुणाला? मला? मी काय आहे, दाभण धरलेली म्हातारी. भागवतला? तो तर हार घेऊन बसलाय. मग तिसरं कोण बसलंय इथं, ज्याला हा भितो...

आणि तिला वाटलं, भिणारा मानत असणार. आणि लगेच वाटलं, भिऊनही गप्प बसतो तो काय मानतो? दोन्ही एकदम खरं वाटलं, आणि दोन्हींमध्ये तिच्या हातातली ती मान, इतक्या वर्षांची, कधी सुटली ते कळलं नाही. हात रिकामा झाला. हलका नाही झाला, रिकामा. मैदान तसंच होतं, आणि त्यात पहिल्यांदाच लांबून कुणीतरी येत होतं, घाई न करता, सायकल हातात धरून. ते खरंच दिसलं की तिनं दिसवून घेतलं, हेही तिला सांगता आलं नसतं.

"भाभी," गुलाब म्हणाला. आवाज कोरडाच होता. "माफ केलं म्हणा."

भागवतनं कानामागे हात धरला.

"माझं जेवढं हाय तेवढं माफ केलं, गुलाब," ती म्हणाली. "पर तुज्या भावाचं माज्याजवळ न्हाई, ते मी कुठनं देऊ? त्ये त्याच्याकडंच हाय, अन् त्यो तिथं हाय. असं तू मानत असशील, तर पानी पी, अन् हे भागवतभाऊ बसल्यात त्यांच्याशी बोल. अन् मानत नसशील, तर इतक्या लांब कुनाला भेटाया चाललायस?"