पेवातला वीर

आमचे मालक जन्मात कधी तट्टावर बसले न्हाईत. तुळजापूरला जायचं तर बैलगाडीत गादी टाकून जायचे, आन् चाक धोंड्यावरून गेलं की "यव्वा, यव्वा" करायचे. अशा माणसाला गावानं मेल्यावर घोड्यावर बसवलं. हातात तलवार दिली, मिशीला पीळ दिला. जित्यापणी मिशी कसली, वरच्या ओठावर चार केस.

म्या मल्लम्मा, महांतप्पा दुकानदाराची बायको. नळदुर्गाच्या अलीकडं, बोरी नदीच्या काठाला आमचं गाव. निजामाचं राज्य बुडायच्या आधी हत्यारबंद टोळ्या गावं लुटत फिरायच्या. आमच्या गावावरबी एक आली. त्या टोळीशी लढताना आमचे मालक मेले, असं गाव म्हणतं. म्हणून त्यांचा दगड घडवला. ते कसे मेले हे म्या सांगते, कारण बघणारी म्याच एकटी.

दिवेलागण व्हायची व्हती. वेशीवरून धोंडीबाचा आवाज आला, "टोळी आली, बायापोरं नदीकडं काढा." धोंडीबा आमचा येसकर. महारवाड्यातला माणूस, जन्म सगळा वेशीच्या राखणीत गेलेला.

आमच्या परसात ज्वारीचं पेव व्हतं. जमिनीत खोल, वर माणूस जाईल एवढं तोंड आन् तोंडावर शिळा. पेव उघडलं की त्याला दिवसभर वारा खाऊ द्यायचा, मग कंदील सोडून बघायचा, कंदील विझला तर आत पाय घालायचा न्हाय. हे आमच्याकडं शेंबडं पोरगंबी जाणतं. मालकांनी हमालांना जन्मभर हेच दरडावून सांगितलं. आन् त्या दिवशी, नुकत्याच उघडलेल्या पेवात, स्वतः धोतर सावरत उतरले. म्या म्हणले, "आतली हवा वाईट हाय, दम कोंडंल." तर खालून म्हणले, "तोंड बंद कर. शिळा ओढ. वर बाज टाक आन् पोरं घेऊन बस, म्हंजे कुणाला संशय येणार न्हाय."

ऐकलंत? नवरा खाली, आन् बायको-लेकरं वर झाकण म्हणून. म्या त्यांचा हुकूम पाळला, शिळा ओढली, बाज टाकली. बसले मात्र न्हाय. पोरं काखेला मारली आन् नदीकडं पळाले.

पळता आलं ते धोंडीबामुळं. त्यानं वेशीचं दार लावून अडसर घातला, वर चढला आन् एकट्यानं गोफण चालवली. टोळीला दार फोडायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात गावच्या सगळ्या बाया नदी उतरून गेल्या. त्याला त्यांनी गोळ्या घालून खाली पाडला.

सकाळी आमी परतलो. दुकान धुऊन नेलं व्हतं. बाजेला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. शिळा काढली तर मालक ज्वारीवर बसलेले, अंगावर ओरखडा न्हाय, तोंड काळंनिळं. म्या रडले. नवरा मेला म्हणल्यावर बाई रडती, तो कसा का असंना. पण रडताना जो राग आला तो आजून उतरला न्हाय.

पुढं भादव्यात फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आन् बिळाबिळातून आमचे शूर बाहेर पडले. बब्रुवान पाटील टोळीच्या दिवशी कडब्याच्या गंजीत शिरला व्हता; दुसऱ्या दिवशी निघाला तवा फेट्यात कडब्याचा पाला तसाच. तो आता पांढरी टोपी घालून गावच्या कमिटीचा म्होरक्या झाला. शंकरप्पा, आमचे धाकटे दीर, माळ्यावर उतरंडीमागं लपले व्हते. ते चिटणीस. शेजारच्या गावांनी लढणाऱ्यांचे चौथरे बांधले, मग आमच्या गावाला नको व्हय? सुंभ जळला तरी पीळ कुठं जातो.

पाटील म्हणला, आपण जुन्या वळणाचा वीरगळ उभा करू. महादेवाच्या देवळामागं तसले जुने दगड ओळीनं उभे हायत. खालच्या खणात वीर लढतो, मधल्या खणात अप्सरा त्याला उचलून नेतात, वरच्या खणात तो शंकराच्या पिंडीपुढं हात जोडून बसतो, माथ्यावर चंद्र-सूर्य. नाव कोरायची रीत न्हाय. घरचे तेल घालतात तवर तो त्यांचा वीर, तेल थांबलं की नुसता दगड. पाथरवट बोलावला. वीर कोण, तर महांतप्पा. टोळीनं मारलेला व्हय का न्हाय, पण त्याच दिवशी मेलेला, आन् घरंदाज.

पाथरवटानं मला विचारलं, मालक दिसायला कसे व्हते. म्या म्हणले, "बसके." पाटलानं त्याला बाजूला नेऊन घोडा सांगितला.

मग एका दुपारी सिताबाई आमच्या मागल्या दाराशी आली. सिताबाई म्हंजे धोंडीबाची बायको. उंबऱ्यापास्नं लांबच उभी राहिली. म्हणली, "अक्का, मालकांना घोड्यावर असू द्या. माझं काय म्हणणं न्हाय. पण दगडात खाली एका कोपऱ्यात गोफण घेतलेला माणूस काढा म्हणावं. एवढंच. मला तेल घालायला काय तरी पायजे."

मला माझीच लाज वाटली, आन् मग त्या सगळ्यांची किळस आली. ज्याच्या जिवावर आमची लेकरं जगली, त्याच्या बायकोनं कोपरा मागावा. म्या तशीच उठले आन् चावडीवर गेले.

पाटील म्हणला, "जागा न्हाय."

पाथरवट म्हणला, "जागा हाय की."

पाटलानं त्याच्याकडं असं बघितलं की तो छिन्नी घासायला लागला. मग पाटील मला समजावणीच्या सुरात म्हणला, "मल्लम्मा, तुमी शहाण्या हायसा. खालच्या खणात जो लढतो त्याला वरच्या खणात पिंडीपुढं बसवावं लागतं. आता धोंडीबाला देवळात कसा घ्यायचा? उद्या समदे म्हणतील, दगडात चालतो तर दारातबी घ्या."

"मग आमचे मालक कुठं लढले, तेबी सांगा," म्या म्हणले. "पेवातून म्याच काढलेत त्यांना."

दीर शंकरप्पा चुळबुळ करायला लागले. पाटील मात्र शांत. दार लोटून घेतलं आन् हळू म्हणला, "कुणाला ठाऊक न्हाय ते? समद्या गावाला ठाऊक हाय. पण येसकर लढला आन् बाकी गाव लपलं, असला दगड कोण घडवतं का? आमच्या पोरांनी आमच्याकडं कसं बघायचं?"

मेल्याला गंजीत शिरताना पोरं आठवली न्हाईत.

म्या सिताबाईला सांगितलं, न्हाय म्हणाले. ती म्हणली, "बरं," आन् गेली.

संक्रांत झाल्यावर दगड उभा केला. उभा कुठं, तर वेशीत. महांतप्पा वेशीत पडले असं एकदा सांगितल्यावर दुसरीकडं कुठं उभा करणार? खोट्याला जागाबी खोटीच लागती, आन् ती खरी निघाली. नवा सरकारी साहेब आला, त्याला खुर्ची. पूजा सांगायला आमचे जंगम अय्या आले. मानकरी पुढं, बाया मागं, आन् महारवाड्याची माणसं लांब लिंबाखाली. रीत अशी की वीराच्या बायकोनं पहिलं पाणी घालायचं. मला नवं लुगडं नेसवून, हातात तांब्या देऊन उभी केलेली, बैलपोळ्याचा बैल जसा.

पाटलाचं भाषण सुरू झालं. महांतप्पानं एका हातानं वेस धरली, दुसऱ्या हातानं तलवार चालवली. तेवढ्यात लिंबाखालून सिताबाई निघाली. सरळ चालत आली. मानकरी असे फाकले, की विचारू नका. तिच्या पदराचा वारा लागू नये म्हणून एक जण दुसऱ्याच्या पायावर चढला. टोळी आली तवाबी हे असेच पांगले असतील. तिच्या हातात वाटी व्हती. तिनं दगडावर तेल ओतलं, घोड्यापास्नं पिंडीपतूर दोन्ही हातांनी चोळलं, कपाळ टेकवलं आन् म्हणली, "ह्यो माझा धनी." मोठ्यानं न्हाय. पण समद्यांना ऐकू गेलं.

मग गलका झाला. बाटला, दगड बाटला. पाटलाचं तोंड लाल. अय्या म्हणले, घाबरायचं न्हाय, वीराच्या बायकोनं गोमूत्र शिंपडून धुतला की शुद्ध.

समदे माझ्याकडं बघायला लागले. सिताबाई तिथंच उभी, तेलाचे हात पोटाशी धरून. तिनं माझ्याकडं बघितलंबी न्हाय. तिला माझी आशा नव्हती, आन् का असावी?

म्या तांब्या खाली ठेवला. म्हणले, "अय्या, विटाळ म्हंजे विटाळ. एकदा शिवला तो शिवला. म्या त्याला हात लावणार न्हाय."

दीर पुढं झाले. "वैनी धूत नसंल तर म्या धुतो."

"धुवा की," म्या म्हणले. "पण पाणी घालायच्या आधी त्या दिवशी कोण कुठं लपलं व्हतं ते म्या एकेकाचं नाव घेऊन ह्या साहेबाला सांगणार. आमच्या मालकांपास्नं सुरुवात करते, ते पेवात व्हते. पुढचं नाव कुणाचं घेऊ, पाटील?"

साहेबानं मान वर केली. पाटलाला एकदम खोकला आला. दिरानं तांब्या उचलला, इकडं तिकडं बघितलं आन् पुन्हा व्हता तिथं ठेवला. गंजीतल्या आन् माळ्यावरल्या शूरांपैकी एकाचाबी पाय पुढं पडला न्हाय. साहेबाला चहाला नेलं.

त्या दिवसापास्नं आमच्यातलं कुणी त्या दगडाला शिवत न्हाय. त्यांचीच रीत, त्यांनीच पाळायची. अवसेला महारवाड्यातून तेल येतं, नवरा-नवरी पाया पडायला आणतात. जित्यापणी धोंडीबाला वरातीत घोड्यावर बसू दिलं नव्हतं. आता पाटलानं सांगून काढलेल्या घोड्यावर तो बसलाय, आन् त्याला उतरवायचं तर आधी शिवावं लागंल. आल्यागेल्यानं विचारलं, कुणाचा वीरगळ, तर आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा म्हणतात, धोंडीबाचा.

परवा पाटील दुकानात आला. म्हणला, "मल्लम्मा, तुमच्या नवऱ्याचा मान गेला. आपण दुसरा दगड घडवू, देवळाच्या आवारात."

म्या गूळ जोखत व्हते. म्हणले, "घडवा. सिताबाईला दोन हात हायत, ती तिथंबी येईल."