झोपाळ्याची फळी

"नाना, ह्यानाकरता मशीन लागस. तुमनाजोडे मशीन शे का?" तौसिफनं मोबाइल काउंटरवर आडवा धरला. पडद्यावर एक तरुण हातातल्या यंत्रानं फळीचे पापुद्रे उडवत होता. मागे गाणं वाजत होतं.

"मशीन नै. आनि हाऊ इतलं पटपट काय करी ऱ्हायना? माले त्याना हात बी दिसना नै."

शहाद्याच्या बसस्थानकासमोरच्या त्या मोबाइलच्या दुकानात प्रेमचंदनाना पुन्हा आले होते. रिचार्ज नको, कव्हर नको. त्यांना सुतारकाम शिकवणारे व्हिडिओ हवे होते. हातानं काम करणाऱ्या माणसाचे आणि परवडतील असे. फुकटातले व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचे. कपाट बनायला सुरुवात होते न होते तोच व्हिडिओ संपूनही जायचा. एक चांगला, सविस्तर कोर्स सापडला होता, पण त्याच्या किमतीत तयार झोपाळाच आला असता.

"इतला ताप कसाले, नाना? गावमा सुतार शे, त्याले सांगा."

"सुतारले सांगं का सांजलोंग सुरतले खबर जास."

तौसिफ हसला. सुरतेला कोण आहे हे त्याला माहीत होतं. नानांच्या बायकोचा, रंजनाबाईंचा मोबाइल त्याच्याच दुकानातून घेतलेला होता.

सुनेच्या, म्हणजे भूमिकाच्या बाळंतपणाला रंजनाबाई सुरतेला गेल्या, तेव्हा त्यांनी जेमतेम एक पिशवी कपडे नेले होते. आता तो नातू बालवाडीत जात होता. भूमिकाची नोकरी होती, मुलगा दिनेश कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. भांडण झालं नव्हतं. रंजनाबाईंनी तिकडेच राहावं असं कुणी ठरवलंही नव्हतं. त्या परत आल्या नव्हत्या, एवढंच. नाना तापीकाठच्या गावात केळीजवळ राहिले. उन्हाळ्यात केळीला पाठ दाखवता येत नाही.

त्यांच्या घरात, गुजर समाजाच्या बहुतेक घरांत असतो तसा, पुढच्या खोलीत मधोमध झोपाळा होता; दाराकडे जाताना भिंतीच्या कडेनं त्याला वळसा घालावा लागायचा. बसणारं कुणी उरलं नाही तेव्हा नाना त्यावर वस्तू ठेवू लागले. आधी वर्तमानपत्रं, मग बियाण्याची पाकिटं. पुढे ओल लागू नये म्हणून खताच्या गोण्या. माघात एका सकाळी फळी उभी चिरली आणि गोण्या जमिनीवर आल्या. त्याच आठवड्यात सुरतेहून फोन आला, "आखाजीले येसू."

आखाजी हा खान्देशात झोक्यांचा सण. त्या दिवशी रंजनाबाई घरात आल्या की आधी झोपाळ्याकडे बघतील, हे नानांना सांगावं लागत नव्हतं. फळी बदलून घेणं सोपं होतं. पण संसारभर त्यांनी रंजनाबाईंचा एक टोमणा ऐकला होता: "तुमना हातना खिळा बी तुमनामायकच वाकडा." तेव्हा ही फळी त्यांना स्वतःच्या हातानं करायची होती, आणि ती टांगून होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

"गुजरातीमा देख बरं," नाना अचानक म्हणाले.

तौसिफनं शोधलं. वलसाडकडच्या कुठल्याशा गावातला एक म्हातारा मिस्त्री निघाला. मोबाइल कुणीतरी वाकडा धरलेला, मिस्त्रीचं अर्धं डोकं कापलं गेलेलं, पण हात मात्र पूर्ण दिसत होते. रंधा, करवत, पटाशी, गुण्या. विजेवर चालणारं काही नाही. व्यापारी केळीच्या एका घडाला जेवढं देतो, तेवढ्यात सगळे व्हिडिओ मिळत होते. गावात रेंज धड नव्हती, म्हणून तौसिफनं ते मोबाइलमध्येच भरून दिले.

नानांनी आधी चिरलेल्या फळीवर हात बसवला. रंधा उलटा चालला की लाकूड ओरबाडलं जायचं. मिस्त्री सांगायचा, बैलाच्या पाठीवर हात केसांच्या दिशेनं फिरवतो, तसं लाकडाचंही असतं. हे नानांना पटकन कळलं. शिकायला वेळ लागला तो दोन फळ्या कडेला कड लावून जोडायला. मध्ये उजेड दिसायचा. पुन्हा रंधा, पुन्हा उजेड. सॉ मिलमधून आणलेल्या नव्या सागवानाला हात लावायचा धीर व्हायला चैत्र उजाडला.

प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी मिस्त्री म्हणायचा, "चालो, हवे चा पी लो." नाना "हा" म्हणत उठायचे आणि चहा ठेवायचे. दिवसभरात त्यांना कुणी चहाचं विचारलं, तर तेवढंच.

एकदा ठोकाठोक चालू असताना रंजनाबाईंचा फोन आला. मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या.

"काय ठोकी ऱ्हायनात तठे?"

"मी कोठे? पत्रावर माकड उना."

"बरं. माकडले सांगा, बोट संभाळ." आणि नातू रडला म्हणून फोन बंद झाला.

फळी टांगली त्या संध्याकाळी नानांनी अंगणात, रेंज येते त्या कोपऱ्यात उभं राहून फोटो पाठवला. लगेच फोन वाजला. रंजनाबाईंचा चेहरा पडद्यावर अगदी जवळ आला होता. नाना उंबऱ्यापर्यंत आले. त्यापुढे चित्र अडखळायचं.

"खरंच तुम्ही बनाडी?"

"मंग काय माकडनी बनाडी?"

"थट्टा नका करू. खालून दखाडा. कडा गोल करी का? पोऱ्याना पायले लागी."

नाना रेंजची पर्वा न करता आत गेले, वाकले, खालच्या आडव्या पट्ट्या दाखवल्या, कडेवरून बोट फिरवून दाखवलं. चित्र मध्येच अडकलं. रेंज गेली असं त्यांना वाटलं. मग ऐकू आलं, "भूमिका, आठे ये. देख, तुन्हा सासरानी काय करं!"

आखाजीच्या आदल्या दिवशी त्यांनी पुरणाची डाळ भिजत घातली, खोली धुतली. दुपारी गाडी आली. दिनेश उतरला. नाना दुसऱ्या बाजूच्या दाराकडे गेले. ते उघडलं नाही.

"माय नै उनी, नाना. भूमिकाले सुट्टी भेटनी नै. पोऱ्याले कोन संभाळी? माले बी आजच परत जानं शे."

"हा. बरोबर शे," नाना म्हणाले. "तू हातपाय धू."

जेवताना दिनेशचं लक्ष झोपाळ्याकडे होतं. हात धुऊन तो त्यावर बसला, एक झोका घेतला आणि पाय टेकून थांबला.

"भलती मस्त व्हयनी. नाना... आमनी गॅलरीमा कड्या शेत. बिल्डरनीच टाकेल शेत. माय फोटो रोज देखस. शेजारनीस्ले बी दखाडस."

"तिनी मांगं का?"

"नै. ती काहीच नै बोलनी. मीच म्हनी ऱ्हायनू."

नानांनी ताटं उचलून मोरीत ठेवली. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पाना होता.

"ऊठ."

"नाना, राग..."

"राग कसाना? फळी बसासाठे ऱ्हास. आठे कोन बसस?"

साखळ्या त्यांनी स्वतः उतरवल्या, फडक्यात गुंडाळल्या. फळीला गोधडी लपेटून सुतळीनं बांधली. गाडीची मागची सीट पाडून ती आत सरकवताना दिनेश म्हणाला, "तुम्ही बी चला ना."

"केळीले पानी कोन दी?"

दिनेशनं गाडीचं मागचं दार लावलं.

"टांगाना पहिले कड्या वढी देख," नाना म्हणाले. "आनि पहिले मायले बसाड. पोऱ्याले मंग."

दिनेशनं वाकून नमस्कार केला. गाडी केळीच्या बागांमधून वळली आणि दिसेनाशी झाली. नानांनी गुरांपुढे पाण्याची बादली ठेवली, डाळ उपसली, चहा केला.

पेला घेऊन ते स्वयंपाकघरातून दाराकडे निघाले. खोली आता आरपार मोकळी होती. तरीही मध्यावर आल्यावर ते डावीकडे वळले, भिंतीला खांदा लावून, पेला छातीशी धरून, कशालाही धक्का न लावता पलीकडे गेले.