तीन दिवस घर बंद

"याला दार कुठे आहे?" चौकशीला आलेल्या टपाल खात्याच्या साहेबांनी विचारलं.

शोभाबाईंच्या घराला चौकट होती, दार नव्हतं. चौकटीला जुन्या साडीचा पडदा. हेमराज पोस्टमन चौदा वर्षं त्याच पडद्याबाहेरून हाक मारत आला होता. तरी शोभाबाईंच्या नावच्या कोर्टाच्या पाकिटावर, त्याच्याच अक्षरात:

४ तारीख. घर बंद.
५ तारीख. घर बंद.
६ तारीख. घर बंद.

पाकीट परत गेलं. शेताच्या वाटणीच्या तारखेला शोभाबाई कोर्टात नव्हत्या. त्यांचा दीर ताराचंद होता.

"मी एक पैसा घेतला नाई, साहेब."

"पैशाचं मी विचारलंच नाही."

वर्ध्याहून आलेले साहेब आवाज चढवत नव्हते. हेमराजला त्याचीच भीती वाटत होती. साहेब दोन्ही पंचांकडे वळले. एक किराणावाला मोतीलाल, दुसऱ्या शेजारच्या शकुंतलाबाई.

"सही करण्याआधी नीट ऐका. बाईंचं शेत जाईल की राहील, ते तुम्ही बघायचं नाही. यानं नोटा घेतल्या का, तेही नाही. टपाल इमानानं मिळणं हा बाईंचा हक्क. तो यानं जाणूनबुजून मारला का? आणि बदल्यात काही मिळायचं ठरलं होतं का? एवढंच. चुकून झालं असं वाटलं, तर तसं सांगा."

"चुकूनच झालं असन जी," मोतीलाल पुटपुटला. "माणूस चांगला हाये. रोज माया दुकानी बसते."

जमिनीकडे बघत असलेल्या शकुंतलाबाईंनी मान वर केली.

"हेमराज, तुई पोरगी सुरभी जिनिंगमंदी कामाले कधीपासून जाऊन राह्यली रे?"

कापसाची ती जिनिंग ताराचंदची.

खोटं बोलायला वेळ होता. कुणी घाई केली नाही.

"सात तारखेपासून," हेमराज म्हणाला.

मोतीलालनं मान फिरवली. साहेबांनी ते पंचनाम्यात लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि कागद शोभाबाईंपुढे धरला. शोभाबाईंनी तो घेतला आणि सवयीनं हेमराजपुढे केला.

"मी वाचतो," साहेब म्हणाले.

"तुमचं वाचलेलं मले नाई समजत. माये कागद हाच वाचते. वाच भाऊ, मोठ्यानं."

हेमराजनं तारीख वाचली. गाव वाचलं. मग स्वतःचं नाव आलं.

"काऊन थांबला?"

त्यानं नेहमीसारखं ओळीखाली बोट ठेवलं आणि शेवटपर्यंत वाचत गेला, एकही शब्द न गाळता.